काचेच्या कपाटातून बाहेर

मी एक जुना मार्गदर्शक आहे, लहान मुलांच्या आजारांचा. मला छापलं तेव्हा कव्हरवर मोठ्या दिमाखात लिहिलं होतं, 'धावपळीतल्या डॉक्टरांसाठी, खिशात मावेल असा.' मित्रांनो, खरं सांगू? मी आजवर एकाही खिशात मावलो नाही. एकदा तसा प्रयत्न झाला, तेव्हा खिसाच उसवला.

माझा जन्म पुण्यातल्या एका छापखान्यात झाला. माझ्यात गोष्टी नाहीत, कविता नाहीत. ताप, जुलाब, धाप, झटके, साप, विंचू ही माझी प्रकरणं. किती वजनाच्या मुलाला कुठलं औषध किती द्यायचं, हे मी दोन ओळींत सांगतो. पाल्हाळ लावणं मला जमत नाही, कारण मला उघडणाऱ्या माणसासमोर बहुतेक वेळा एक मूल रडत असतं.

डॉक्टर रत्नप्रभा मला मुरबाड तालुक्यातल्या एका आरोग्य केंद्रात घेऊन आल्या. धसईच्या बाजाराच्याही बरंच पुढे. ते माझे खरे कामाचे दिवस. मी सतत टेबलावर उघडा. "मला पाठ आहे गं, पण बघून देते," असं त्या प्रत्येक आईला सांगायच्या. माझ्यावर चहा सांडला, औषधांचे डाग पडले, पाठ खिळखिळी झाली. त्यांनी चिकटपट्टी लावून मला पुन्हा कामाला जुंपलं. मला कधीही त्याचं वाईट वाटलं नाही.

त्या निवृत्त झाल्या आणि माझं नशीब फिरलं. केंद्रात औषधं देणाऱ्या अनिलभाऊंनी दसऱ्याला मला हळदकुंकू वाहिलं, झेंडूचं फूल ठेवलं. "मॅडमची आठवण हाय. कुणी खराब नाय केली पाहिजे," असं म्हणून त्यांनी मला काचेच्या कपाटात ठेवलं आणि कुलूप घातलं. किल्ली त्यांच्या खिशात, आणि ते राहायला लांब वाशिंदला. माणूस मनाने फार चांगला. पण त्या मायेने मला पार निकामी करून टाकलं. काचेतून मला आजारी मुलं दिसायची आणि मी नुसता बघत राहायचो. कधीकधी मला माझाच राग यायचा.

मग यंदाचा चैत्र आला. आमच्याकडे तेव्हा राब भाजतात. भाताची रोपं जिथे करायची, तिथे पालापाचोळा, फांद्या, शेण पसरून ते जाळतात. असाच एक ढीग उपसताना जयराम नावाच्या शेतकऱ्याच्या चार वर्षांच्या रूपेशला विंचू चावला. आईबाप त्याला घेऊन धावत आले तेव्हा पोर टाहो फोडत होतं. नव्या डॉक्टर वैष्णवी बाहेरची रांग सोडून त्याच्याजवळ बसल्या. थोड्या वेळाने पोराचं रडणं थांबलं आणि जयरामचा जीव भांड्यात पडला.

"चल गो रेश्मा," तो बायकोला म्हणाला. "इख उतरलं त्याचं. राबाला आग लावून आलोय, तिकडं कोण नाय."

"थांबा दादा, त्याला नेऊ नका," डॉक्टर म्हणाल्या. "हात लावून बघा. किती गार पडलेत. घामाने चिंब झालाय."

"उनातून आणला, घाम येनारच ना मॅडम! आता तो रडत पन नाय."

मित्रांनो, इथेच माणसं फसतात. विंचू चावलेलं मूल रडायचं थांबतं, पण हातपाय गार पडतात, दरदरून घाम सुटतो, तेव्हा विष उतरलेलं नसतं. ते काळजापर्यंत पोचत असतं. माझ्या पानावर हे ठळक छापलेलं आहे. डॉक्टरांनाही ते ठाऊक होतं. औषधही केंद्रात होतं. पण एवढ्याशा मुलाला गोळीचा किती भाग द्यायचा, ते अंदाजाने ठरवायला त्या तयार नव्हत्या. मोबाईलवर मोठ्या माणसांचंच प्रमाण समोर येत होतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. अनिलभाऊ त्या दिवशी रजेवर होते.

जयराम पोराला खांद्यावर टाकून दारापर्यंत गेला होता. डॉक्टरांनी कोपऱ्यातलं लोखंडी स्टूल उचललं आणि कपाटाच्या काचेवर घातलं.

खळ्ळकन आवाज झाला तसा जयराम जागच्या जागी थबकला. डॉक्टरांनी मला ओढून काढलं, तेव्हा एका तुकड्याने माझं कव्हर फाटलं. मला दुखलं असेल, पण मी तिकडे लक्षच दिलं नाही. इतक्या दिवसांनी कुणीतरी मला उघडत होतं! रूपेशचं वजन झालं, माझ्या ओळीवर बोट ठेवून हिशोब झाला, पुन्हा एकदा तपासला आणि औषध पोटात गेलं. जयराम बाकावर बसला. त्याने शेजाऱ्याला फोन करून राबाकडे बघायला सांगितलं.

ती दुपार फार लांबली. डॉक्टर रांगेतले रुग्ण तपासायच्या आणि मध्येच येऊन रूपेशची नाडी बघायच्या. मी त्याच्या उशाशी उघडा पडून होतो. उन्हं कलली तेव्हा रेश्माने त्याचा तळहात गालाला लावला आणि ती रडायलाच लागली. हात गरम झाला होता.

"तुमी नुसत्या बोलत रायल्या असत्या तर मी थांबलो नसतो," जयराम डॉक्टरांना म्हणाला. "पन सरकारी काच फोडली, तवा मला समजला, काम खरंच हाताबाहेर चाललंय."

दुसऱ्या दिवशी अनिलभाऊ कपाटासमोर उभे राहिले. चेहरा एवढासा झाला होता. "मी तर जपायलाच ठेवला होता," ते म्हणाले. मग त्यांनी स्वतःच माझ्या कव्हरला चिकटपट्टी लावली आणि मला डॉक्टरांच्या टेबलावर नेऊन ठेवलं.

मित्रांनो, तुमच्याही घरात, शाळेत माझ्यासारखे कुणी कुलपात बसले असतील. आम्हाला जपायचं असेल तर हाताळा. मळलो तर पुसा, फाटलो तर चिकटवा, जुने झालो तर आमच्या चुका दुरुस्त करा. पण पूजा करून कोंडू नका. मला अजून पुष्कळ काम करायचं आहे. पुढचं पोर दारात येईल तेव्हा मला शोधण्यासाठी कुणालाही काच फोडावी लागता कामा नये.