लेकींचं गाणं

माझी नणंद धनश्री पुण्याहून आली ती पुस्तक ठरवूनच. थोडं तिचं बालपण, थोडा प्रवास आणि मधोमध आमच्या गावची राणी गजराबाई. प्रकाशकही तयार. मला हेवा वाटला, सरळच सांगते. गेवराईच्या कॉलेजात इतिहास शिकवता शिकवता गजराबाईच्या मागे मी कितीतरी उन्हाळे घालवलेत. हैदराबादची दप्तरं मी चाळली, मोडी मी शिकले, आणि ही बाई आयत्या पिठावर रेघोट्या ओढायला आली!

गजराबाई पाटोद्याकडच्या आमच्या गावची लेक, लांबच्या जहागीरदाराला दिलेली. दप्तरात तिचं लग्न आहे, दागिने आहेत, मरण मात्र कुठेच नाही. तिची समाधी सासरी असायला हवी. ती आमच्या वेशीबाहेर का? एवढ्या एका प्रश्नावर माझं पुस्तक अडलंय. उत्तर गावातल्या म्हाताऱ्या बायनाबाईच्या गाण्यात आहे, हे सगळ्या गावाला ठाऊक. पण चैत्रात समाधीची ओटी भरताना ते गाणं फक्त गावच्या लेकींसमोर म्हणतात. आम्ही सुनांनी स्वयंपाक करायचा, तोही शब्द ऐकू येणार नाहीत इतक्या लांब.

यंदा धनश्रीला मीच गाडीतून नेलं. नाही म्हणून सांगते कुणाला? नवऱ्याची एकुलती बहीण.

बायनाबाईने तिच्या गालावरून हात फिरवला. "सुंदररावची लेक ना गं तू? ये, बस." मग माझ्याकडे वळली. "सूनबाई, तुमी चुलीकडं चला. पुरण बघा."

"मावशी, किती वर्षं विचारतेय मी."

"इचारा की. पर सुनंला सांगत न्हाईत."

"का पण?"

"न्हाईत म्हंजी न्हाईत."

मी पुरण वाटत बसले. वाऱ्यावर नुसता सूर येत होता. जिला ओवी आणि अभंग यातला फरक कळत नाही, ती तिकडे मांडी घालून ऐकत होती. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

परतताना मांजरसुंब्याच्या ढाब्यावर चहाला थांबलो. धनश्रीचे डोळे रडून सुजले होते.

"वहिनी, सुनेला सांगू नको म्हणाल्यात. पण तुमचा एवढा जीव गुंतलाय, मी सांगते."

तिच्या मोठेपणाचाही मला रागच आला. तरी कान टवकारले.

नवऱ्याने टाकल्यावर गजराबाई माहेरी परतली होती. भाऊ मोहिमेवर. भावजय दारात आली. ही आता वाटा मागेल, सगळं घर हिच्याच भोवती फिरेल, या धास्तीने तिने आतून कडी घातली. राणी वेशीबाहेर बसून राहिली आणि भाऊ यायच्या आत तिथंच गेली.

माझ्या पुस्तकाचं शेवटचं प्रकरण मला मिळालं होतं. आणि मनात पहिलं काय आलं, तर हे आधी तिच्या पुस्तकात छापून येणार.

"वहिनी," धनश्री म्हणाली, "श्रावणात महिनाभर माहेरी राहायला येऊ? दोघी मिळून लिहू. नाव तुमचं आधी."

"अगं, घरात जागा कुठंय?" मी म्हणाले. "वरची खोली माझ्या कागदांनीच भरलीय."

शब्द तोंडातून गेले ते गेलेच. धनश्रीने अर्धा चहा तसाच ठेवला, बाहेर गेली आणि बंद गाडीशेजारी उन्हात उभी राहिली. किल्ली माझ्या मुठीत होती.