कढीपत्त्यावरचा कोष

प्रभाकर कुलथे धाग्याच्या फॅक्टरीत क्वालिटी मॅनेजर होते आणि तिथली खोड त्यांनी घरीही आणली होती. ग्राहकाची माणसं तपासणीला येणार म्हटलं की फॅक्टरीतला खराब माल मागच्या शेडमध्ये जातो नि पुढचं सगळं चकाचक होतं. सिल्वासातल्या त्यांच्या सोसायटीने रविवारी सकाळी दहाला बागांची स्पर्धा ठेवली, तेव्हा त्यांचे हात शनिवारीच शिवशिवू लागले.

बाग खरी सुवर्णाची, त्यांच्या बायकोची. रुई, अडुळसा, करवंद, कढीपत्ता, असं इथल्या मातीतलंच तिने लावलं होतं, कारण इथल्या पाखरांना नि फुलपाखरांना तेच लागतं. पाखरं-फुलपाखरं आलीही. पण फुलपाखरू कोषातून निघताना बघायचं तिचं तीन वर्षं राहूनच जात होतं. कधी बुलबुल अळी उचलून न्यायचा, कधी ही दूध तापवून येईपर्यंत कोष रिकामा. यंदा कढीपत्त्यावर एक कोष टिकला आणि नेमकं तिला भाचीच्या साखरपुड्याला नाशिकला जावं लागलं.

"अहो, मागच्या फांदीवर आहे. निघायला लागलं की मला व्हिडिओ कॉल करा," तिने बजावलं. प्रभाकर पेपरातून "हो" म्हणाले. अशा 'हो'वर विसंबणारीचीच चूक म्हणायची!

शनिवारी त्यांनी कुंड्यांना गेरू लावला, पानं पुसली. कढीपत्त्याचं मात्र एक पान धड नव्हतं. सगळीकडे भोकं. त्यांनी ती कुंडी घरकामाला येणाऱ्या मंजुळाबाईंना देऊन टाकली. बाईंनी ती रिक्षात घालून किलवणीला, आपल्या गावी नेली.

रविवारी नऊला सुवर्णाचा फोन. "कोष काळा पडला का बघा ना. काळा पडला की त्याच दिवशी निघतं."

कोष त्या देऊन टाकलेल्या कुंडीतच होता, हे प्रभाकरांना आत्ता उमगलं. "बघून सांगतो," असं म्हणून त्यांनी स्कूटर काढली ती थेट किलवणी गाठली.

मंजुळाबाईंच्या अंगणात एक टोपली पालथी घातलेली होती. "कोंबड्या टोचतील ना, साहेब," त्या म्हणाल्या, "आत जीव हाय त्याच्या." टोपली उचलली तर कोष काळा झालेला, आणि आतल्या पंखांचे पांढरे ठिपके चक्क दिसत होते.

"बाई, ही कुंडी परत नेऊ?"

"तुमीच तं बोलले, ने म्हणून. आता तुमीच न्या!" त्या खळखळून हसल्या.

कुंडी पायांशी ठेवून प्रभाकर अशा बेताने निघाले, की सायकलवाले पुढे जाताना वळून बघत होते. अर्ध्या वाटेत त्यांनी खाली पाहिलं. कोषाला चीर गेली होती. त्यांनी स्कूटर आंब्याच्या सावलीत घेतली आणि व्हिडिओ कॉल लावला.

"सुवर्णा, बघ!"

चुरगळलेलं, ओलं काहीतरी कोषातून बाहेर आलं आणि फांदीला लटकलं. हळूहळू पंख उलगडू लागले. काळेभोर, कडेला पांढऱ्या ठिपक्यांची रांग. पलीकडून एकदम आवाज आला, "अहो, मागे शेत कसलं दिसतंय? कुठे आहात तुम्ही?"

आता थाप मारणं अवघड होतं. "किलवणीच्या रस्त्यावर. कुंडी मी काल देऊन टाकली होती. पानं खराब दिसत होती म्हणून."

तेवढ्यात सोसायटीच्या सेक्रेटरींचा फोन येऊ लागला. दहा वाजले होते. प्रभाकरांनी तो कापला. पुन्हा आला, पुन्हा कापला.

"स्पर्धा?" सुवर्णाने विचारलं.

"होऊ दे तिकडे. मी हललो तर याला वारा लागेल."

पाऊण तास एक भला मॅनेजर रस्त्याच्या कडेला उकिडवा बसून होता. फुलपाखराने दोनदा पंख मिटून उघडले नि ते त्यांच्या डोक्यावरून शेतात निघून गेलं.

"दिसलं?" त्यांनी विचारलं.

फोनमध्ये सुवर्णा डोळे पुसत होती. "दिसलं हो. सगळं दिसलं." मग नाक ओढून म्हणाली, "आता ती कुंडी मंजुळाबाईंना परत देऊन या. सांभाळायचं त्यांना कळतं."