न धुतलेली कात्री

सकाळपासून समीक्षाचा फोन सहाव्यांदा वाजला. गावातले डाळिंब बागायतदार वीरण्णाच होते.

"मॅडम, चार वाजता बैठक हाय. तुम्ही एवढंच बोला, तेल्या नासिरच्या रोपांतून आला. पुढचं आम्ही बघतो."

चाकूरजवळच्या त्या गावात डाळिंबांवर तेल्या पडला होता. फळांवर तेलकट डाग, मग तडे. रोग जिवाणूचा. नांदेडला संशोधन करणाऱ्या समीक्षानं वीरण्णांच्या बागेतली आणि नासिरच्या रोपवाटिकेतली पानं नेली, त्यांतला जिवाणू वेगळा केला आणि त्याची जनुकीय अक्षरं ओळीनं वाचून घेतली. जवळपास पन्नास लाख! दोन्हीकडची तंतोतंत सारखी. उत्साहाच्या भरात तिनं ते वीरण्णांना फोनवर सांगून टाकलं. तेव्हापासून आठ दिवस नासिरकडं एकही गिऱ्हाईक फिरकलं नव्हतं. आज गावाच्या बैठकीत त्याच्याकडून रोपं न घेण्याचा ठराव होणार होता.

पण एकाही अक्षराचा फरक नाही, हेच आता तिला टोचत होतं. वेगवेगळ्या जागी वाढलेल्या जिवाणूंत सहसा दोन-चार अक्षरं तरी बदललेली असतात. शिवाय रोपवाटिकेतल्या पानांवर तेलकट डाग नव्हतेच, नुसते पिवळे ठिपके होते. बैठकीआधी ती तिथं गेली. नासिरची आई बानो पिशव्यांत माती भरत होती.

"चाची, मी पानं नेली तेव्हा तुम्ही इथंच होता ना?"

"हाव. अण्णाच्या बागेतून सरळ आलतीस. बसची घाई. थैलीतून कात्री काढली न् लागलीस कापायला. म्हणणार होते, आधी धू. पण तू शिकलेली पोरगी, म्या काय बोलावं?"

समीक्षा तो दिवस आठवू लागली. कात्री स्पिरिटनं पुसली होती का? आठवेना. म्हणजे वीरण्णांच्या बागेतला जिवाणू तिच्याच कात्रीवर बसून इथल्या पानांना लागला असेल तर!

"नवी पानं तपासायला महिना लागेल, चाची. आज काय सांगू?"

"माहीत न्हाई म्हणून सांग."

"लोक हसतील."

लातूरच्या क्लासमध्ये दोन वर्षं तिला एकच घोकवलं होतं: चुकलं तरी गुण कापत नाहीत, उत्तरपत्रिकेतला एकही गोल रिकामा सोडू नका.

"हसू दे. इथं माझ्या पोराची भाकर जाऊन राहिली," बानो म्हणाली. "भूकंप झाला तवा उजाडलं न्हाई तोच लोक कारण सांगत होते. अमक्याचं पाप, तमक्याची नजर. ज्याला काईच ठावं न्हाई, त्योच लई जोरात!"

बैठकीत समीक्षा उभी राहिली.

"माझी चूक झाली. मी कात्री धुतली होती की नाही, मला आठवत नाही. त्यामुळं त्या तपासणीला अर्थ नाही. रोग कुठून आला, मला माहीत नाही."

"एवढं शिकून हेच का?" मागून कुणीतरी खिजवलं.

वीरण्णा लालबुंद झाले. "मॅडम, तुमच्या शब्दावर मी गावभर सांगत फिरलो!"

"म्हणूनच गावासमोर सांगतेय, अण्णा."

नासिर दाराबाहेर उभा होता. त्याला बोलावलंच नव्हतं. वीरण्णांनी त्याच्याकडं पाहिलं आणि मान खाली घातली. मग हातातला ठराव त्यांनी टरकन फाडला!

"आत ये बाबा, बस. मॅडम, छाटणीला आमची एकच कात्री सगळ्या बागा फिरती. ती तरी कोण धुतंय? पुढच्या खेपेला तीबी तपासा."

वाचकहो, 'मला माहीत नाही' म्हणण्यात कमीपणा नाही. न तपासता कुणावर बोट ठेवण्यात आहे. आणि ठेवलंच असेल, तर ज्या चार लोकांत ठेवलं, त्यांच्याच देखत ते मागं घ्यावं.