माझी भोके बुजवली तेव्हा

मी एक जुना मास्क आहे, मित्रांनो. नाकातोंडावर बसणारा. माझे पट्टे आता सैल झाले आहेत. माझ्या नळीच्या दुसऱ्या टोकाला एक यंत्र असते. ते हवा ढकलते आणि मी ती थकलेल्या फुप्फुसांपर्यंत पोहोचवतो. या कामात मी कधी कुचराई केली नाही. तरीही माझ्या बाबतीत जे घडले, त्याचा धक्का अजून ओसरलेला नाही.

कारखान्यात मला घडवताना माझ्या पुढच्या बाजूला मुद्दाम बारीक भोके ठेवली. आजारी माणसाने सोडलेला श्वास तिथून बाहेर पडतो, म्हणून मी सतत फुसफुसतो.

मी ज्या घरी आलो, तिथल्या आजींचा जन्म बेकरीच्या भट्टीपुढे गेला होता. धुराने त्यांची छाती पार निकामी केली होती. पलंगापासून खिडकीपर्यंत जातानाही धाप लागायची. मला पाहून त्यांनी नाक मुरडले. "हे माकडतोंड मी नाही लावणार!" पण लावू लागल्यावर काही दिवसांतच त्या स्वतः उठून चहा करू लागल्या. घरभर माझे कौतुक झाले आणि मी अगदी फुगून गेलो.

आजोबा मात्र माझ्यावर खार खाऊन होते. ते प्लंबर. गळती दिसली की त्यांचे हात शिवशिवायचे.

"अगं, एवढी हवा वाया जातेय. तुझ्या वाट्याला काय येणार?"

"अहो, राहू द्या. डॉक्टरांनी दिलंय तसं असू दे."

"डॉक्टरांना गळतीतलं काय कळतं?"

एका दुपारी आजींना मला लावायच्या आधी या माणसाने माझ्या भोकांवर चिकटपट्टी लावली. अगदी निगुतीने, कडा नखाने दाबून. मी हादरलो! आजींवर जीव टाकणारा हा माणूस त्यांच्याच जिवावर उठला होता आणि त्याला त्याचा पत्ताही नव्हता. ओरडावे तर माझा आवाजच त्याने बंद केलेला.

आजींनी सोडलेला श्वास पुन्हा त्यांच्याच छातीत जाऊ लागला. हळूहळू त्यांना गुंगी आली. आजोबा उशाशी खुशीत बसले होते. तेवढ्यात मुलगी आली.

"हळू बोल. बघ, किती दिवसांनी अशी गाढ झोपलीय," आजोबा कुजबुजले.

मुलीने आईचा हात हातात घेतला. तो ढिला पडला. "आई? आई, मी आलेय! बाबा, ही उठत का नाही?"

तिने मला ओरबाडून काढले. रुग्णवाहिका आली. पिशवीत कोंबलेला मीही बरोबर गेलो.

रुग्णालयात नर्सने मला उलटसुलट करून पाहिले आणि ती थबकली. "हे कुणी केलं?"

"मी," आजोबा म्हणाले. "हवा गळत होती."

"आजोबा, ही गळती नाही हो! त्यांचा श्वास इथूनच बाहेर पडतो. तुम्ही तो आत कोंडलात."

आजोबांनी माझ्यावरची चिकटपट्टी स्वतःच ओरबाडून काढली. इतका हादरलेला माणूस मी कधी पाहिला नव्हता.

आजी वाचल्या. शुद्धीवर येताच त्यांनी विचारले, "अहो, जेवलात का?" तेव्हा आजोबा हुंदके देऊन रडले.

मित्रांनो, आमच्यासारख्या उपकरणांतली एखादी गोष्ट विचित्र वाटली, तर हात लावण्याआधी जाणत्याला विचारा. मायेचा हातही चुकतो, हे मी माझ्या अंगावर सोसले आहे. आता आजी झोपल्या की आजोबा माझ्या भोकांसमोर तळहात धरून बसतात. आजींचा कोमट श्वास हाताला लागला, की मगच ते पाठ टेकतात.