उधई लागलेली पेटी

बँकेच्या तिजोरीच्या खोलीला दोन किल्ल्या. एक कॅशियरकडे, दुसरी एजंटसाहेबांकडे, म्हणजे शाखेच्या मुख्यांकडे. दोघांनी मिळून उघडायचं आणि दोघांनी मिळून तपासायचं, असा नियम. एकोणसाठ साली डहाणूच्या त्या शाखेत दोघं मिळून उघडत, तपासत मात्र कुणीच नसे. कॅशियर गोपीनाथला वाटे साहेब बघतात, श्यामकांत साहेबांना वाटे हा बघतो. सह्या मात्र रोज दोघांच्या, अगदी ठसठशीत!

लोखंडी तिजोरी भरली होती, म्हणून मुंबईला परत पाठवायच्या मळक्या नोटा त्याच खोलीत एका लाकडी पेटीत ठेवलेल्या. श्रावणातल्या एका शनिवारी साहेब लवकर खोली बंद करून, आपली किल्ली घेऊन कोसबाडला जेवायला गेले. शिपाई शुक्रा, सायवनचा, झाडू हातात घेऊन गोपीनाथपाशी आला.

"सायेब, उधई लागली. भित्तीवरून माती चढली नि दाराखालून आत गेली."

साहेबांना जेवणावरून उठवायचं म्हणजे विंचवाच्या बिळात हात घालणं. "सोमवारी बघू," गोपीनाथ म्हणाला. शुक्राने भिंतीवरची वाळवीची माती झाडून टाकली. सोमवारी भिंत स्वच्छ होती, आणि गोपीनाथ विसरला.

दिवाळीनंतर पेटी उघडली तेव्हा आत नोटा नव्हत्या, भुसा होता.

हेड ऑफिसातून चौकशी अधिकारी आले. साहेबांनी आधीच सांगून ठेवलं होतं, "साफसफाई शिपायाकडे. त्यानं हयगय केली." चोर सोडून संन्याशाला फाशी! घरी गोपीनाथची बायको जयमालाही म्हणाली, "तुम्ही गप्प राहा हो. शुक्राला कुठेही मजुरी मिळेल. तुम्हाला पुन्हा बँकेत कोण घेणार?"

गोपीनाथची पोरं लहान, भाड्याचं घर. पण शुक्राने आपल्याला सांगितलं होतं, हे काही केल्या मनातून जाईना. चौकशीत तो बोलला. "साहेब, शुक्रानं मला सांगितलं होतं. चूक माझी आहे. आणि पेटी आम्ही दोघांनीही कधी उघडून पाहिली नाही."

अधिकाऱ्यांनी सगळं लिहून घेतलं. बाहेर आल्यावर गोपीनाथला इतकं हलकं वाटलं, की त्याने शुक्राच्या पाठीवर थाप मारली. "काळजी करू नकोस. सांगितलं मी."

महिन्याभराने हुकूम आले. साहेबांची बदली झाली, मुंबईला, मोठ्या शाखेत. गोपीनाथची बढती थांबली आणि नुकसानीची रक्कम त्याच्या पगारातून कापायची ठरली. शुक्राला कामावरून कमी केलं. कारण असं, की धोक्याची सूचना लेखी द्यायला हवी होती, त्याने ती तोंडी दिली. शुक्रा पगारासाठी अंगठा उठवायचा, हे साऱ्या बँकेला ठाऊक होतं.

तो हुकूम त्याला वाचून दाखवायचं काम गोपीनाथकडेच आलं. शुक्राने खाकी कोट काढून नीट घडी घातली नि टेबलावर ठेवला.

"सायेब, तुमी खरं सांगलं ना?"

"सांगितलं रे. अगदी सगळं."

"मंग मला कशापायी काढलं?"

गोपीनाथने हातातला हुकूम पुन्हा एकदा वाचला. आपण खोटं बोललो असतो, तर 'माझ्यामुळे' असं निदान उत्तर तरी याला देता आलं असतं.