भिंतीकडे तोंड

किल्ली घरात ठेवून दार ओढून घेणाऱ्या माणसांबद्दल चावीवाल्याचं मत फारसं चांगलं नव्हतं. अशी माणसं जिन्यात त्याची वाट बघत ताटकळायची, कोणी घरातल्या सपाता घालून, कोणी टॉवेल गुंडाळून, आणि तो आला की सगळं खापर वाऱ्यावर फोडायची. वाऱ्याने दार लागलं म्हणे. चावीवाला त्यावर नुसतं ‘हं’ म्हणायचा. त्या एका ‘हं’मध्ये एवढी तुच्छता भरलेली असायची की भलेभले आपल्या सपातांकडे बघत राहायचे.

कुलूप उघडणं हा त्याच्या हातचा मळ होता, त्यामुळे त्याची त्याला फार मिजास नव्हती. मिजास होती ती नंतरच्या गोष्टीची. कपाट किंवा तिजोरी उघडली, की तो दोन पावलं मागे सरायचा, भिंतीकडे तोंड करून उभा राहायचा आणि म्हणायचा, “उघडलंय. आतलं तुमचं तुम्ही बघा.” मालकाचं बघून होईपर्यंत तो भिंतीवरची नजर काढायचा नाही. असं उभं राहायला त्याला कोणी सांगितलं नव्हतं. दुकान टाकलं त्या दिवशी त्याने आपलं आपणच ठरवलं होतं, आणि ते कधी मोडलं नव्हतं. म्हणून तर अर्ध्या वस्तीच्या जादा किल्ल्या त्याच्या दुकानातल्या खिळ्यांवर लटकत असायच्या आणि लोक खुशाल परगावी जायचे.

हाच माणूस स्वतःच्या घरी मात्र अट्टल चोर होता.

भानगड सिगारेटची होती. खोकला छातीत मुक्कामाला आला होता, डॉक्टरने छातीचा फोटो दाखवून चांगलं खडसावलं होतं, आणि चावीवाल्याने सिगारेट सोडली होती. म्हणजे सोडल्याचं जाहीर केलं होतं. दर वेळी आयुष्यभरासाठी. त्याहून कमी मुदतीची शपथ घेणं त्याला कमीपणाचं वाटायचं. पाकीट फेकून द्यायलाही तो तयार नव्हता. घरात असूनही ओढत नाही यातच खरी मर्दुमकी आहे, असं तो बायकोला समजावायचा. मग पाकीट पत्र्याच्या डब्यात जायचं, डब्याला कुलूप लागायचं आणि किल्ली बायकोच्या स्वाधीन व्हायची. दुसऱ्या दिवशी बायकोच्या केसातली पिन वाकडी झालेली सापडायची.

मग त्याने कुलपं भारी करायला सुरुवात केली. एकदा तर दुकानातली कामं बाजूला सारून त्याने स्वतःच्या हाताने एक कुलूप घडवलं, आत खोट्या खाचा घासून ठेवल्या, की उघडणारा फसलाच पाहिजे. कुलूप इतकं देखणं झालं की ते खरंच उघडत नाही ना हे बघितल्यावाचून त्याला राहवेना. कारागिरी तपासायला नको का. उघडलं. एवढं अवघड कुलूप उघडल्याबद्दल एक सिगारेट तर हक्काचीच होती. पुढे मेव्हण्याने आकड्यांचं कुलूप आणून लावलं आणि आकडा कोणाला न सांगता तो निघून गेला. मेव्हणा घरी पोचायच्या आत चावीवाल्याने त्याला फोनवर आकडा सांगितला आणि असलं भिकार कुलूप आणल्याबद्दल वर झापलं.

बायकोने आता रागावणंही सोडून दिलं होतं. राग यायला समोरच्याकडून काहीतरी अपेक्षा लागते. एकदा तो फार गंभीर चेहरा करून तिच्यापुढे उभा राहिला आणि म्हणाला की आजपासून आयुष्यभर नाही. ती चादरीची घडी घालत होती. “तिकडचं टोक धरा,” एवढंच ती म्हणाली.

खरं तर त्याचाही स्वतःवर काडीचा विश्वास उरला नव्हता. ‘ठरवलं’ हा शब्द मनात आला तरी त्याला आपलाच वीट यायचा. मग तो स्वतःची समजूत काढायचा की घरचं घरी. बाहेर आपण धुतल्या तांदळासारखे आहोत, ते कोणी काढून घेऊ शकत नाही.

अशात त्याला एका बाईंनी बोलावलं. त्यांचे यजमान गेले होते आणि त्यांच्या कपाटाची किल्ली काही केल्या सापडत नव्हती. कपाट जुनं होतं, कुलूप त्याहून जुनं. चावीवाल्याने तारेचा आकडा घातला, मनगट जरासं वळवलं, दार करकरलं. तो मागे सरला, भिंतीकडे वळला आणि आपलं ठरलेलं वाक्य म्हणाला. बाई कपाटापुढे नुसत्याच उभ्या राहिल्या. तेवढ्यात बाहेरची घंटी वाजली आणि त्या दार उघडायला गेल्या.

भिंतीवर एक रिकामा खिळा होता. चावीवाला त्या खिळ्याकडे बघत होता आणि मागून ओळखीचा वास येत होता. तो वळला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा वळला. घडी घातलेल्या सदऱ्यांच्या शेजारी अर्धं संपलेलं पाकीट होतं.

‘एकच. शेवटची. गेलेल्या माणसाला आता काय करायचीय?’

हा आवाज त्याच्या चांगलाच परिचयाचा होता. घरी केसातली पिन वाकवताना हाच बोलायचा, कारागिरी तपासायला हाच सांगायचा. पण तो आजवर घराचा उंबरा ओलांडून कधी कामावर आला नव्हता. चावीवाल्याने खाली पाहिलं तर पाकीट त्याच्या मुठीत होतं.

बाहेरच्या खोलीत बाई शेजारणीशी बोलत होत्या. कपाट उघडं टाकून कशा आलात, असं तिने विचारलं असावं. “आत आपले चावीवाले आहेत ना,” बाई म्हणाल्या. “काही काळजी नाही.”

त्याने पाकीट परत ठेवलं. पण ते आधी उभं होतं की आडवं, हे त्याला आठवेना. असल्या गोष्टी लक्षात ठेवायची चोरांना सवय असते, त्याला नव्हती. त्याला दरदरून घाम फुटला. बाई आत आल्या तेव्हा तो भिंतीकडे तोंड करून उभा होता, पण आता ते निव्वळ नाटक होतं, आणि ते बघून त्याला स्वतःची शिसारी आली. तो घाईघाईने निघाला. बाईंनी जिन्यात गाठून त्याला पकड आणून दिली. तो ती आतच विसरला होता. विसरभोळ्या माणसांवर आयुष्यभर नाक मुरडत आलेला माणूस मान खाली घालून जिना उतरला.

घरी येऊन त्याने बायकोला सगळं सांगितलं, पाकीट मुठीत आलं होतं तेसुद्धा. बायको भाजी चिरत होती.

“म्हणजे आता बाहेरही सुरू,” ती म्हणाली.

हे वाक्य त्याला झोंबलं, कारण दिवसभर तो याच वाक्याला घाबरत होता. हा धंदा कुलपांवर चालत नाही, त्याच्या पाठमोऱ्या उभं राहण्यावर चालतो, हे त्याला पुरतं ठाऊक होतं. उद्या कोणाच्या कपाटापुढे उभं राहायचं तर कोणाच्या भरवशावर? तो घाईने म्हणाला की आता असं कुलूप बनवतो की किल्ली गटारात टाकली तर मलासुद्धा...

बायकोने सुरी खाली ठेवली.

“इतकी वर्षं लोकांच्या उघड्या कपाटांसमोर उभे राहिलात. तेव्हा कुठलं कुलूप होतं मध्ये?”

“तिथे माल दुसऱ्याचा असतो.”

“भिंतीकडे तोंड करा म्हणून कोणी सांगितलं होतं तुम्हाला?”

“कोणी नाही,” तो म्हणाला. “मीच ठरवलं होतं.”

बोलून झाल्यावर त्याच्या लक्षात आलं की हा शब्द आज त्याला कडू लागला नाही. बायकोने पुन्हा सुरी उचलली. तिला काही कौतुक वगैरे वाटलेलं दिसत नव्हतं.

चावीवाल्याने डबा आणून टेबलावर ठेवला. कुलूप काढलं, झाकण पूर्ण उघडलं. मग खुर्ची ओढून त्याने भिंतीला लावली आणि भिंतीकडे तोंड करून बसला.

“उघडलंय,” तो म्हणाला. “आतलं तुमचं तुम्ही बघा.”

“मला नको त्यातलं काही.”

“मलाही नको.”

“आयुष्यभर, नाही का?” तिने इतक्या कुत्सितपणे विचारलं की दुसरा कोणी असता तर उठून गेला असता.

त्याच्या ओठांवर ‘हो’ आलंच होतं. ते त्याने गिळलं. आयुष्यभर बसेन असं म्हणणाऱ्या त्या माणसाला तो पुरता ओळखून होता. त्याच्या हाती त्याने पडक्या खोलीचीही किल्ली दिली नसती.

“जेवण होईपर्यंत,” तो म्हणाला.

बायकोची सुरी थांबली. एवढीशी शपथ तिने या घरात कधी ऐकली नव्हती. स्वयंपाक झाल्यावर ताट तिने त्याच्या मांडीवर आणून ठेवलं. तो भिंतीकडे बघत जेवला. खोकला आला, तलफ आली, पाठीला डबा टोचत असल्यासारखा वाटत राहिला. त्याने ताट पुसूनपुसून रिकामं केलं.

“झालं जेवण,” बायको म्हणाली. “आता?”

त्याने थोडा विचार केला. झेपेल एवढंच बोलायचं तर विचार करावा लागतो, हे त्याला नवीनच होतं.

“हात धुईपर्यंत.”

नळ खोलीच्या दुसऱ्या टोकाला होता आणि वाटेत टेबल. डब्याकडे त्याने पाहिलंच नाही असं म्हणणं खोटं ठरेल. पाहिलं, चांगलं पाहिलं. मग खरकटा हात अंगापासून लांब धरून, परक्याच्या घरात जपून चालावं तसा तो टेबलाला वळसा घालून नळापाशी गेला.