पूल, भावना आणि मी

मित्रांनो, मी एक जुनी करडी स्कूटर आहे. नऊ वर्षांपूर्वी नागपुरात मानकापूरच्या भावनाने मला घरी आणले. खापरखेड्याच्या एका शाळेत ती प्रयोगशाळा सहायक आहे. रोजचे जाणे-येणे माझ्यावरच. दर रविवारी ती मला धुवायची, शेजारणींना माझे कौतुक सांगायची.

मग एका एप्रिलमध्ये, कोराडी रस्त्यावरच्या उड्डाणपुलावर, कोळशाचा ट्रक अगदी जवळून गेला. तो गेला, पण भावनाची छाती धडधडतच राहिली. श्वास पुरेना, बोटे बधिर झाली. तिने मला कठड्याला टेकवले आणि खाली बसली. घरी आल्यावर तिने सांगितले, की माझे हँडल थरथरते.

इथून माझा छळ सुरू झाला. रुपराव मिस्त्रीने हँडलचे बेअरिंग बदलले, मग पुढचे टायर, मग ब्रेक. भावना पुलाशी यायची आणि पुन्हा तेच. माझ्यात काही बिघाड नव्हता, हे मी ओरडून सांगितले असते. पण मला तोंड कुठे आहे? शेवटी तिने मला जिन्याखाली टाकले आणि ती शेअर ऑटोने जाऊ लागली. एकदा त्यातूनही ती घाबरून मध्येच उतरली. तिच्या नवऱ्याचे, पियूषचे, म्हणणे होते की हे सारे मनाचे आहे, लक्षच द्यायचे नाही. त्याने मला विकायला काढले.

त्याआधी रुपरावने मला स्वतः पुलावर नेले. भावनाला मागे बसवले. चढ लागताच तिने त्याचा सदरा मुठीत धरला. पलीकडे उतरल्यावर तो हळूच म्हणाला, "गाडी नाही थरथर कापून राहिली, ताई. तुमचे हात कापून राहिले. माझ्या पोरीले बी असंच होत होतं. डॉक्टरले दाखवा."

भावना रडली. मग म्हणाली, "मले वाटे, मी येडी होऊन राहिली."

ती एकटीच डॉक्टरांकडे गेली. भीती चढली की पाय जमिनीवर टेकायचे, श्वास सावकाश सोडायचा, पळायचे नाही. लाट ओसरते, असे तिला शिकवले गेले. मला विकणे राहून गेले. आम्ही दोघी रोज पुलापर्यंत जाऊ लागलो. कधी पायथ्याहून परत, कधी अर्ध्या चढावरून. चिडून ती माझ्या सीटवर बुक्की मारायची. मीही वैतागायचे. एवढासा पूल!

गेल्या सोमवारी पुलाच्या मध्यावर तिचा श्वास पुन्हा अडकला. ती कडेला थांबली. मागचे लोक हॉर्न वाजवत होते. एकजण बाजूने जाताना म्हणाला, "चालवता येत नाही तर काहून आणता वं गाडी?" भावनाने पाय टेकले, ओठ गोल करून श्वास सोडला. बऱ्याच वेळाने मला सुरू केले आणि आम्ही पूल उतरलो. शाळेत ती वीस मिनिटे उशिरा पोहोचली. परवा मात्र ती पायथ्यावरूनच परतली.

मित्रांनो, माझे टायर गुळगुळीत झाले तर दिसते. भावनाचे काय बिघडले ते कुणाला दिसत नव्हते, म्हणून सगळे मलाच खोलत बसले. रस्त्यात कुणी असे थिजलेले दिसले, तर हॉर्नवरून अंगठा उचला. सावरायला तेवढा वेळ त्याला लागतो.